कार्बन डायऑक्साइडच्या पाइपलाइनवर अंमल कोणाचा?

कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन म्हणजे वीजकेंद्र, सिमेंटचा किंवा खताचा कारखाना, इथेनॉल प्रकल्प अशा ठिकाणी पकडलेला वायू भूगर्भातील साठवणीच्या जागेपर्यंत किंवा तेलक्षेत्रापर्यंत वाहून नेणारी पोलादी वाहिनी. हवेत सुटणारा वायू धुराड्यापाशीच पकडायचा, दाबून दूर न्यायचा आणि खोल खडकांत कायमचा कोंडायचा, अशी ही तीन टप्प्यांची पद्धत आहे. पकडण्याचा टप्पा कारखान्याच्या कुंपणाच्या आत होतो. साठवण साधारणपणे जमिनीखाली ८०० मीटरपेक्षा खोल खडकात होते. मधल्या टप्प्यातली पाइपलाइन मात्र दुसऱ्यांच्या शेतांतून, नद्यांखालून आणि गावांजवळून जाते. म्हणून या तंत्रज्ञानावरचा सार्वजनिक वाद आणि कायद्याचा पेच दोन्ही मुख्यतः पाइपलाइनभोवतीच फिरतात.

जगातील अशा पाइपलाइनचा मोठा हिस्सा अमेरिकेत आहे. तेथे आठ हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे असून त्यातला बराचसा भाग हवामानबदलाचा प्रश्न राजकारणात येण्यापूर्वीच टाकला गेला होता. त्यामुळे या पाइपलाइनचे नियमन कसे उभे राहिले, कुठे पुरेसे ठरले आणि कुठे अपुरे पडले, हे अमेरिकेच्या अनुभवावरून सर्वांत स्पष्ट दिसते.

पाइपमध्ये नेमके काय असते?

नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला कार्बन डायऑक्साइड वायुरूप असतो. त्या अवस्थेत तो फार जागा व्यापतो आणि लांब अंतरावर नेणे परवडत नाही. तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि दाब सुमारे ७४ बारच्या वर गेला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ७३ पट झाला, की तो अतिक्रांतिक अवस्थेत जातो. या अवस्थेत त्याची घनता द्रवासारखी असते, पण वाहण्याचा गुण वायूसारखा राहतो. त्यामुळे त्याच व्यासाच्या नळातून कितीतरी जास्त माल जातो. मुख्य वाहिन्यांमध्ये दाब साधारणपणे ८५ ते १५० बारच्या दरम्यान राखला जातो. जमिनीत गाडलेल्या नळाचे तापमान ३१ अंशांच्या खाली उतरले, तर हाच माल शास्त्रीय व्याख्येनुसार दाट द्रव ठरतो. पाइपच्या दृष्टीने यात फारसा फरक पडत नाही, पण कायद्याच्या शब्दांत पडू शकतो.

या पदार्थाचे दोन गुण पाइपलाइनच्या बांधणीत महत्त्वाचे ठरतात. पहिला गुण पाण्याशी होणाऱ्या संयोगाचा. कोरडा कार्बन डायऑक्साइड पोलादाला त्रास देत नाही, पण त्यात पाणी मिसळले की कार्बोनिक आम्ल तयार होते आणि नळ आतून गंजू लागतो. म्हणून पाइपमध्ये सोडण्यापूर्वी वायू काटेकोरपणे कोरडा करावा लागतो. दुसरा गुण नळ फुटतानाचा. नैसर्गिक वायूचा नळ फुटला तर आतला दाब झपाट्याने उतरतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळात दाब एका पातळीपर्यंत उतरतो आणि आतला द्रव उकळत राहिल्यामुळे तिथेच काही काळ टिकून राहतो. त्यामुळे भेगेच्या टोकावरचा ताण कायम राहतो आणि भेग नळाच्या लांबीने धावत जाऊ शकते. ती रोखण्यासाठी चिवट आणि जाड पोलाद वापरावे लागते किंवा नळावर ठरावीक अंतराने मजबूत कडी बसवावी लागतात. जुनी नैसर्गिक वायूची वाहिनी रिकामी करून तिच्यात कार्बन डायऑक्साइड भरण्याची कल्पना स्वस्त वाटते, पण ती सरसकट चालत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

धोका कसला?

कार्बन डायऑक्साइड पेटत नाही आणि त्याचा स्फोटक भडकाही होत नाही. त्यामुळे नैसर्गिक वायूच्या तुलनेत तो निरुपद्रवी आहे, असा समज बराच काळ होता. पण तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. नळातून सुटल्यावर तो वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो, उतारावरून खाली वाहतो आणि ओढे, खड्डे, तळघरे अशा खोलगट जागी साचतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. बाहेर पडताना तो इतका थंड होतो की त्याचा काही भाग उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ बनतो आणि हवेतील बाष्प गोठून पांढरे धुके दिसते. हे धुके विरले की वायू गेला असे मात्र नसते.

मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते. आठ तासांच्या कामाच्या पाळीसाठी अमेरिकेत ०.५ टक्के ही मर्यादा मानली जाते आणि ४ टक्के ही पातळी जीविताला तातडीचा धोका असलेली धरली जाते. प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. हा केवळ ऑक्सिजन कमी पडल्याचा परिणाम नसतो, कारण जास्त प्रमाणातला कार्बन डायऑक्साइड शरीराला थेट विषारी ठरतो. निसर्गातले याचे सर्वांत भीषण उदाहरण कॅमेरूनमधील न्योस सरोवराचे. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री सरोवराच्या तळातून कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड लोट बाहेर पडला, दऱ्यांमधून खाली वाहत गेला आणि सुमारे १,७०० माणसे दगावली. पाइपलाइनच्या गळतीचे प्रमाण याहून कितीतरी लहान असते, पण जड वायू उताराने वाहतो ही रीत तीच.

कायद्याची पहिली पावले

अमेरिकेत या वाहिन्या आल्या त्या तेलासाठी. जुन्या तेलक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड दाबून सोडला की खडकात अडकलेले तेल पातळ होऊन बाहेर येते. १९७२ मध्ये पश्चिम टेक्सासच्या स्करी परगण्यातील तेलक्षेत्रासाठी पहिली मोठी पाइपलाइन सुरू झाली. १९८४ मध्ये कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य भागातील मॅकएल्मो डोम या नैसर्गिक साठ्यापासून टेक्सासच्या डेन्व्हर सिटीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर लांबीची कॉर्टेझ पाइपलाइन सुरू झाली. दोन्ही वाहिन्या मुख्यतः विरळ वस्तीच्या कोरड्या मुलखातून जात होत्या.

कॉर्टेझ बांधण्यापूर्वी तिच्या मालकांनी केंद्र सरकारला विचारले की या वाहिनीचे दर आणि परवाने कोणाच्या अखत्यारीत येतात. संघीय ऊर्जा नियामक आयोगाने १९७९ मध्ये उत्तर दिले की नैसर्गिक वायूच्या १९३८ च्या कायद्यात जळणाचा वायू अभिप्रेत आहे, म्हणून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड त्यात बसत नाही. मग प्रश्न आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे गेला. त्याच्या कायद्यातून वायूची वाहतूक वगळलेली होती. आयोगाने ठरवले की कार्बन डायऑक्साइड हा वायूच आहे, म्हणून तोही वगळलेला. १९८१ पर्यंत दोन्ही दारे बंद झाली. एकाच्या मते तो योग्य प्रकारचा वायू नव्हता आणि दुसऱ्याच्या मते तो वायू होता, एवढ्यावर आंतरराज्य दरनियमनातून ही वाहिनी सुटली.

सरकारी जमिनीवरून जाणाऱ्या वाहिन्यांबाबत निकाल उलटा लागला. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याने १९२० च्या खनिज भाडेपट्टा कायद्यानुसार कार्बन डायऑक्साइड 'नैसर्गिक वायू' धरला. त्यामुळे केंद्राच्या जमिनीवरील वाहिनीने इतरांचा मालही वाजवी अटींवर वाहून नेणे बंधनकारक झाले. एक्झॉन कंपनीने याला आव्हान दिले, पण १९९२ मध्ये दहाव्या विभागीय अपील न्यायालयाने खात्याचा अर्थ मान्य केला. म्हणजे एकच पदार्थ एका केंद्रीय कायद्याखाली नैसर्गिक वायू नाही आणि दुसऱ्याखाली आहे, अशी स्थिती तयार झाली, आणि ती आजही टिकून आहे.

सुरक्षेचे नियम

सुरक्षेच्या बाबतीत केंद्राने जबाबदारी घेतली. १९८८ च्या पाइपलाइन सुरक्षा कायद्याने परिवहन खात्याला कार्बन डायऑक्साइडच्या वाहिन्यांसाठी नियम करायला सांगितले आणि १९९१ मध्ये ते नियम झाले. ते वेगळे न लिहिता पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल अशा घातक द्रवांच्या वाहिन्यांसाठी असलेल्या संहितेत, म्हणजे भाग १९५ मध्ये, जोडण्यात आले. २००४ मध्ये स्थापन झालेले पाइपलाइन अँड हॅझार्डस मटेरियल्स सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे पाइपलाइन सुरक्षा प्रशासन, आता त्यांची अंमलबजावणी करते. राज्याच्या हद्दीतच संपणाऱ्या वाहिन्यांची तपासणी केंद्राची मान्यता घेऊन राज्येही करू शकतात.

भाग १९५ मधील तरतुदी बऱ्याच तपशिलात जातात. नवी वाहिनी सुरू करण्यापूर्वी पाणी भरून तिची चाचणी घ्यावी लागते आणि ती कमाल कार्यदाबाच्या १.२५ पट दाबाला किमान चार तास करावी लागते. निवासी, व्यापारी व औद्योगिक भागात नळावर साधारणपणे ९० सेंटीमीटर मातीचे आच्छादन असावे लागते. मार्गाची पाहणी वर्षातून किमान २६ वेळा करायची आणि दोन पाहण्यांमध्ये तीन आठवड्यांहून जास्त अंतर ठेवायचे नाही. वाहिनी फुटल्यास ज्या वस्त्यांना, पाण्याच्या स्रोतांना किंवा संवेदनशील निसर्गक्षेत्रांना झळ बसू शकते, ती क्षेत्रे कंपनीने स्वतः ओळखून तेथे अधिक कडक तपासणीचा कार्यक्रम राबवायचा असतो. मोठी गळती निश्चित झाल्यापासून एका तासाच्या आत राष्ट्रीय नोंद केंद्राला कळवायचे असते.

या चौकटीत तीन त्रुटी राहिल्या. पहिली व्याख्येची. नियमांनुसार कार्बन डायऑक्साइड म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आणि अतिक्रांतिक अवस्थेपर्यंत दाबलेला प्रवाही पदार्थ. वायुरूपात किंवा कमी दाबाच्या द्रवरूपात तो नेला, तर तो या व्याख्येत बसत नाही. वायुरूप वाहतुकीसाठी नियम करावेत असे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २०११ च्या कायद्यात सांगितले होते. दुसरी त्रुटी धोक्याच्या मोजमापाची. तेल सांडले तर ते कुठवर वाहील याचा विचार करून केलेली संहिता जमिनीलगत सरकणाऱ्या जड वायूला लावली गेली. वायूचा ढग किती दूर जाईल हे कोणत्या पद्धतीने मोजायचे, याबाबत कंपन्यांना बरीच मोकळीक राहिली. तिसरी गोष्ट कायद्यातच मुद्दाम घातलेली आहे: पाइपलाइनची जागा किंवा मार्ग ठरवण्याचा अधिकार पाइपलाइन सुरक्षा प्रशासनाला नाही. नळ कसा असावा हे केंद्र सांगते, पण तो कुठून जावा हे सांगत नाही.

सटार्शिया

या त्रुटी किती महाग पडू शकतात ते २२ फेब्रुवारी २०२० रोजी मिसिसिपी राज्यातील याझू परगण्यात दिसले. सटार्शिया हे याझू नदीकाठचे अगदी लहान गाव. त्याच्यापासून दीड किलोमीटरच्या आसपास अंतरावर डेनबरी कंपनीची २४ इंची वाहिनी एका टेकडाच्या उतारावरून जात होती. ती मिसिसिपीतून लुइझियानातील डेल्ही तेलक्षेत्राकडे कार्बन डायऑक्साइड नेत असे. त्या हिवाळ्यात पाऊस फार झाला होता. भिजलेली भुसभुशीत माती खचली, तिने नळ ओढला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास दोन नळांमधला वेल्डचा जोड तुटला.

दाब उतरल्याचे कंपनीच्या नियंत्रण कक्षात काही मिनिटांत दिसले आणि झडपा बंद करण्यात आल्या. पण झडपांच्या मधल्या भागात जो माल होता, तो बाहेर पडतच राहिला. एकूण ३१ हजारांहून अधिक बॅरल कार्बन डायऑक्साइड सुटला. वारा मंद होता आणि भूभाग खोलगट. ढग गावाकडे सरकला. रस्त्यावरच्या गाड्यांच्या इंजिनांना ऑक्सिजन मिळेना आणि ती बंद पडली. पळून जाऊ पाहणारे लोक गाडीतच बेशुद्ध पडले. बचाव पथकांनी श्वसनयंत्रे लावून त्यांना बाहेर काढले. सुमारे २०० जणांना हलवण्यात आले आणि ४५ जणांना रुग्णालयात जावे लागले. कोणी दगावले नाही.

पाइपलाइन सुरक्षा प्रशासनाने मे २०२२ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. मातीची हालचाल हे फुटण्याचे तात्कालिक कारण होते. पण अहवालातला अधिक गंभीर भाग तयारीबद्दलचा आहे. ढग किती दूर जाऊ शकेल याचा कंपनीचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी होता. त्या हिशेबात सटार्शिया धोक्याच्या क्षेत्रात येत नव्हते, त्यामुळे तिथल्या लोकांना आणि स्थानिक बचाव यंत्रणेला या वाहिनीबद्दल पुरेशी माहिती दिलेलीच नव्हती. फुटल्यावरही कंपनीने स्थानिक यंत्रणेला तातडीने कळवले नाही. मदतीला धावलेल्यांना आपण कशाला तोंड देतो आहोत हे आधी स्वतःच शोधावे लागले. प्रशासनाने सुमारे ३९ लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला आणि २०२३ मध्ये सुमारे २९ लाख डॉलरवर तडजोड झाली.

नवे नियम, जे आलेच नाहीत

अहवालासोबतच प्रशासनाने जाहीर केले की कार्बन डायऑक्साइडच्या वाहिन्यांसाठी नवे नियम केले जातील. त्यांचा मसुदा १५ जानेवारी २०२५ रोजी पुढे आला. वायू, द्रव आणि अतिक्रांतिक या तिन्ही अवस्थांना नियम लागू करणे, ढगाच्या प्रसाराचे तपशीलवार विश्लेषण सक्तीचे करणे, जुन्या वाहिन्या कार्बन डायऑक्साइडसाठी वापरताना पाळायच्या अटी ठरवणे, स्थानिक बचाव पथकांना प्रशिक्षण व साधने देणे आणि आपत्तीत लोकांशी संपर्क साधण्याची पद्धत ठरवणे, हे त्यातले मुख्य मुद्दे होते.

पाच दिवसांनी सत्तांतर झाले. नव्या अध्यक्षांनी प्रलंबित नियमांना सरसकट स्थगिती दिली आणि मसुदा सरकारी राजपत्रात छापला जाण्यापूर्वीच मागे घेण्यात आला. त्यामुळे १९९१ ची चौकट मुळात आहे तशीच राहिली. याच्या आधी, एप्रिल २०२४ मध्ये, लुइझियानातील सल्फर या गावाजवळ आणखी एक गळती झाली होती आणि आसपासच्या रहिवाशांना दारे-खिडक्या लावून घरातच थांबायला सांगावे लागले होते.

मार्ग आणि जमीन: राज्यांचा अधिकार

आंतरराज्य नैसर्गिक वायूच्या वाहिनीला केंद्राचा एक परवाना मिळाला की तिच्यासोबत सक्तीने जमीन मिळवण्याचा अधिकारही मिळतो. कार्बन डायऑक्साइडच्या वाहिनीसाठी असा केंद्रीय परवाना नाही. पाच राज्यांतून जाणाऱ्या वाहिनीला पाच वेगवेगळ्या कायद्यांना सामोरे जावे लागते. काही राज्यांत आयोग मार्ग मंजूर करतो. नेब्रास्कामध्ये राज्य पातळीवर असा आयोगच नाही, तेथे प्रश्न परगण्यांकडे जातो.

सक्तीच्या भूसंपादनाचा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. खाजगी कंपनीला दुसऱ्याच्या जमिनीतून नळ न्यायचा हक्क मिळतो तो सार्वजनिक उपयोगाच्या आधारावर, आणि त्यासाठी कंपनी 'सार्वत्रिक वाहतूकदार' आहे, म्हणजे भाडे देईल त्या कोणाचाही माल नेणारी आहे, हे सिद्ध करावे लागते. टेक्सासमध्ये ही सिद्धता प्रत्यक्षात फारच सोपी होती. रेलरोड कमिशन या राज्याच्या नियामक संस्थेच्या टी-४ या अर्जावरच्या एका चौकोनात खूण केली की कंपनी सार्वत्रिक वाहतूकदार धरली जाई. टेक्सासच्या आग्नेय भागातील एका भातशेतीच्या मालकांनी डेनबरीच्या ग्रीन पाइपलाइनला अडवले आणि २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसती खूण पुरेशी नाही. भविष्यात ही वाहिनी इतरांचाही माल नेईल अशी वाजवी शक्यता दाखवली पाहिजे. २०१७ मध्ये त्याच खटल्यात ती शक्यता सिद्ध झाल्याचे मानून निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण निकष तयार झाला.

मध्य-पश्चिमेतला वाद याहून मोठा आहे. समिट कार्बन सोल्यूशन्स या कंपनीची योजना आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा, साउथ डकोटा व नॉर्थ डकोटा या राज्यांतील सुमारे ५७ इथेनॉल प्रकल्पांचा कार्बन डायऑक्साइड सुमारे ४,००० किलोमीटरच्या जाळ्यातून नॉर्थ डकोटातील भूगर्भात नेण्याची आहे. नॉर्थ डकोटाच्या आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मार्ग नाकारला आणि फेरबदलांनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. आयोवाने जून २०२४ मध्ये परवानगी दिली, पण दोन्ही डकोटांची मान्यता मिळेपर्यंत काम सुरू करायचे नाही अशी अट घातली. साउथ डकोटाने २०२३ मध्ये अर्ज फेटाळला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कंपनीने सार्वत्रिक वाहतूकदार असल्याचे अजून सिद्ध केलेले नाही. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाने कार्बन डायऑक्साइडच्या वाहिन्यांसाठी सक्तीचे भूसंपादन करायलाच बंदी घातली आणि एप्रिलमध्ये आयोगाने दुसरा अर्जही नाकारला. नॅव्हिगेटर या दुसऱ्या कंपनीने अशाच अडथळ्यांपुढे आपली योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये गुंडाळली होती.

या विरोधाने नेहमीची राजकीय विभागणी मोडली. मका पिकवणारे शेतकरी आणि पर्यावरणवादी संघटना एका बाजूला आले. दुसऱ्या बाजूला इथेनॉल उद्योग उभा राहिला, आणि तो याच मक्याचे मोठे गिऱ्हाईक आहे.

परगण्यांनी घरांपासून किमान अंतर ठेवण्याचे नियम केले, तेव्हा वेगळाच पेच उभा राहिला. सुरक्षेचे मानक फक्त केंद्र ठरवू शकते, आणि अंतराचा नियम हा सुरक्षेचाच नियम आहे, असे म्हणत २०२५ मध्ये आठव्या विभागीय अपील न्यायालयाने आयोवातील शेल्बी व स्टोरी या परगण्यांचे नियम रद्द ठरवले. म्हणजे मार्ग ठरवायला केंद्राला मनाई आणि सुरक्षेसाठी अंतर ठरवायला परगण्याला मनाई. वाहिनी घरापासून किती दूर असावी, हा रहिवाशांच्या दृष्टीने पहिला प्रश्न, पण त्याचे नेमके उत्तर देणारी यंत्रणा या दोन्हींच्या मधल्या फटीत हरवते.

काही राज्यांनी थांबण्याचा मार्ग निवडला. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केंद्राचे नवे नियम येईपर्यंत अशा वाहिन्यांवर बंदी घातली. ते नियम येत नाहीत असे दिसल्यावर २०२५ मध्ये राज्याने स्वतःचे नियम करण्याचा कायदा केला. इलिनॉयने २०२४ मध्ये तात्पुरती स्थगिती दिली.

पैसा आणि शेवटचा टप्पा

वाहिन्यांची घाई समजण्यासाठी करसवलतीकडे पाहावे लागते. अमेरिकेच्या करसंहितेतील कलम ४५ क्यू हे २००८ मध्ये आले, २०१८ मध्ये वाढले आणि २०२२ च्या कायद्याने भूगर्भात साठवलेल्या प्रत्येक टनाला ८५ डॉलरपर्यंत सवलत देऊ लागले. तेल काढण्यासाठी वापरलेल्या टनाला तेव्हा ६० डॉलर होते. २०२५ च्या कायद्याने नव्या प्रकल्पांसाठी तेही ८५ वर नेले. सवलत १२ वर्षे मिळते. इथेनॉल तयार होताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध असल्याने तो पकडणे स्वस्त पडते, म्हणून पहिली मोठी योजना इथेनॉल प्रकल्पांभोवतीच रचली गेली. पैशाचा ओघ कायद्याने वाढवला, पण त्याच वेगाने सुरक्षेचे नियम बदलले नाहीत.

वाहिनी जिथे संपते तिथे आणखी एक यंत्रणा सुरू होते. साठवणीच्या विहिरींना पर्यावरण संरक्षण संस्था २०१० पासून सहाव्या वर्गाचा परवाना देते आणि त्यात भूजलाचे रक्षण हा मुख्य हेतू असतो. हा अधिकार राज्यांना सोपवता येतो. नॉर्थ डकोटाला तो २०१८ मध्ये, वायोमिंगला २०२० मध्ये आणि लुइझियानाला २०२४ मध्ये मिळाला. नळ एका खात्याचा, मार्ग राज्याचा, विहीर दुसऱ्या खात्याची आणि सवलत करखात्याची, अशी एकूण विभागणी आहे.

इतर देश

युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशाने वेगळी वाट धरली. शुद्धतेची टक्केवारी न ठरवता प्रवाहात बहुतांशी कार्बन डायऑक्साइडच असावा आणि त्याच्या आडून दुसरा कचरा टाकता येऊ नये, एवढे तत्त्व त्यात आहे. वाहिनी व साठवण क्षेत्र इतरांनाही वाजवी अटींवर वापरू द्यावे अशीही तरतूद आहे. ब्रिटनने २०२३ च्या ऊर्जा कायद्याने कार्बन डायऑक्साइडच्या वाहतुकीला परवाना पद्धत लावली आणि दरांवर लक्ष ठेवण्याचे काम ऑफजेम या वीज व वायूच्या नियामकाकडे दिले. नॉर्वेत वाहिन्या मुख्यतः समुद्रतळावर असल्याने वस्तीचा प्रश्न फारसा येत नाही. स्नोव्हिट प्रकल्पात २००८ पासून सुमारे १५० किलोमीटरच्या नळातून वायू समुद्राखाली जातो आणि नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पात २०२५ च्या ऑगस्टमध्ये साठवण सुरू झाली. कॅनडात प्रांताच्या आतली वाहिनी प्रांताकडे आणि सीमा ओलांडणारी केंद्राकडे, अशी स्पष्ट वाटणी आहे. अल्बर्टाची २४० किलोमीटरची मुख्य वाहिनी २०२० पासून चालू आहे.

भारतात या विषयावर नीती आयोगाने २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात संभाव्य साठवण स्थळांमध्ये दख्खनच्या बेसाल्ट खडकांचाही विचार आहे, त्यामुळे महाराष्ट्राचा या प्रश्नाशी थेट संबंध येऊ शकतो. आज तेल व वायूच्या वाहिन्यांसाठी १९६२ च्या कायद्याने जमिनीचा वापरहक्क घेतला जातो. मालकी शेतकऱ्याकडेच राहते, पण त्या पट्ट्यावर घर बांधता, विहीर खणता किंवा झाड लावता येत नाही, आणि वापरहक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के भरपाई मिळते. हा कायदा पेट्रोलियम व खनिजांसाठी लिहिलेला असून त्यात कार्बन डायऑक्साइडचे नाव नाही.

अमेरिकेच्या अनुभवातून एक निष्कर्ष निघतो. तेथे नियम नव्हते असे नाही, पण ते दुसऱ्या पदार्थांसाठी केलेल्या कायद्यांतून उसने घेतलेले होते आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळ्या जागी संपत होता. ज्या देशांत ही वाहिनी अजून यायची आहे, त्यांनी ढग किती दूर जाईल याचे मोजमाप, घरांपासूनचे अंतर, बचाव पथकांची तयारी आणि जमीन घेण्याच्या अटी या चार गोष्टी पहिला नळ गाडण्यापूर्वी एकाच कायद्यात लिहिणे शहाणपणाचे ठरेल.